होडीच्या खणाचं झाकण कुजलंय? हंगाम सुरू होण्याआधी असं बदला

जून-जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. शिडाच्या आणि वल्ह्याच्या होड्यांना ही बंदी लागू नाही, पण पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात लहान होडी घालायला कोणी धजत नाही. त्यामुळे दापोली तालुक्यातल्या हर्णैपासून राजापूर तालुक्यातल्या साखरीनाटेपर्यंत लहान होड्या किनाऱ्यावर ओढून, झाप किंवा प्लास्टिक टाकून शाकारून ठेवल्या जातात. डागडुजीला हाच काळ हातात असतो. तळ घासला जातो, सांधे भरले जातात, शिडाची शिवण तपासली जाते. मात्र डेकवरच्या खणाचं लाकडी झाकण बहुतेक वेळा तसंच राहतं. रंगाचा एक हात मारला की झालं, असं आपण म्हणतो.

हे झाकण, ज्याला बरेच जण हॅच म्हणतात, दिसायला किरकोळ आहे. पण डेकवर चढलेलं पाणी आणि होडीचं पोट यांच्यामध्ये तेवढी एकच गोष्ट उभी असते. ते का कुजतं, कसं तपासायचं, नवं बनवताना लाकूड, माप, स्क्रू आणि रबर कसं निवडायचं, हे समजून घेऊया.

गळकं झाकण किती पाणी आत घेतं?

साधा हिशोब करू. झाकण वाकलंय आणि दोन फूट लांबीच्या एका बाजूला ५ मिलिमीटरची फट पडली आहे. म्हणजे जेमतेम करंगळीच्या नखाच्या निम्मी. लाट डेकवर आली आणि त्या फटीवर वीतभर खोल पाणी उभं राहिलं, तर सेकंदाला साधारण ३ लिटर पाणी आत जातं. लाट ओसरायला ५ सेकंद लागले तर १५ लिटर. म्हणजे दर लाटेला एक बादली.

आता खण बघा. ४ फूट लांब, ३ फूट रुंद, २ फूट खोल असा खण धरला तर त्यात जवळपास ६८० लिटर पाणी मावतं. तो अर्धा भरला तरी ३५० किलो वजन झालं, म्हणजे सिमेंटच्या सात गोण्या. गोण्या निदान ठेवल्या जागी राहतात. पाणी तसं राहत नाही. होडी डावीकडे कलली की सगळं पाणी डावीकडे धावतं आणि तिला आणखी कलवतं. म्हणूनच काठोकाठ भरलेल्या खणापेक्षा अर्धवट भरलेला खण तोल जाण्याच्या दृष्टीने जास्त वाईट. शीड लावलेलं असताना वारा आधीच होडीला एका बाजूला दाबत असतो. त्याच बाजूला आतलं पाणी गेलं, तर सावरायला वेळच मिळत नाही.

कुजवतं कोण? समुद्र नव्हे, पाऊस

खाऱ्या पाण्याने लाकूड कुजतं असा समज आहे. डेकवरच्या लाकडाच्या बाबतीत खरं उलट आहे. लाकूड कुजवणारी बुरशी मिठात नीट वाढत नाही. तिला आवडतं ते पावसाचं गोडं पाणी, ऊब आणि कोंडलेली हवा. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की बुरशीला वाव मिळतो. पाण्याखालच्या लाकडाला पोखरणारा किडा वेगळा, तो समुद्राचाच. पण झाकणाचा शत्रू आकाशातून येतो.

पाणी शिरतं मुख्यतः तीन जागांनी:

१. फळीच्या टोकातून. झाडात मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी नेणाऱ्या नळ्या फळीच्या टोकाला उघड्या पडलेल्या असतात. सपाट बाजूपेक्षा टोक कितीतरी वेगाने पाणी पितं. म्हणून झाकण कोपऱ्यांपासून कुजायला लागतं.

२. खिळ्याच्या भोकातून. लोखंडी खिळा गंजतो, गंज फुगतो, भोक मोठं होतं. खिळ्याभोवतीचं लाकूड काळं पडून मऊ होतं आणि खिळ्याची पकड जाते.

३. रंगाच्या तड्यातून. उन्हाने रंग तडकतो. तड्यातून पाणी आत जातं, पण वरच्या रंगामुळे बाहेर पडत नाही. वरून चकचकीत आणि आतून भुसभुशीत, अशी झाकणं याच कारणाने होतात.

प्लास्टिकने घट्ट शाकारलेल्या होडीत खणाचं तोंडही बंद असेल तर आत वाफ धरते. दोन महिन्यांनी प्लास्टिक काढल्यावर जो कुबट वास येतो, तो बुरशीचाच.

दहा मिनिटांत तपासणी

दाभण घ्या. चारही कोपरे, खिळ्यांभोवतीची जागा आणि झाकणाची खालची बाजू टोचून बघा. चांगल्या लाकडात दाभण अडतं आणि बाहेर काढताना लाकूड त्याला धरून ठेवतं. कुजलेल्या लाकडात ते लोण्यात जावं तसं जातं. मग हातोडीच्या दांड्याने ठोका. निरोगी फळी टणक वाजते, कुजलेली बद्द वाजते.

बसणी तपासायला खडू वापरा. खणाच्या तोंडाभोवती जो उभा काठ असतो, त्याच्या वरच्या कडेला खडू घासा. झाकण नेहमीसारखं बंद करून दाबा आणि उचला. खडूची रेघ झाकणाला चारही बाजूंनी अखंड उठली पाहिजे. जिथे तुटली, तिथे फट आहे. मोठ्या मालवाहू जहाजांची झाकणंही याच साध्या युक्तीने तपासतात.

झाकण बदलायचं की दुरुस्त करायचं? एकच फळी किंवा एकच आडवी पट्टी खराब असेल तर तेवढी बदला. दोनपेक्षा जास्त कोपरे मऊ असतील, झाकण पिळलं असेल किंवा प्लायचे थर सुटले असतील, तर ठिगळ लावण्यात पैसे घालू नका. आणि हो, झाकणाबरोबर तो उभा काठही टोचून बघाच. कुजक्या काठावर नवं झाकण म्हणजे पडक्या चौकटीला नवं दार.

माप जुन्या झाकणाचं नको, काठाचं घ्या

जुनं झाकण सुताराकडे नेऊन "अस्संच बनव" म्हणणं सोपं. पण ते झिजलेलं, आकसलेलं किंवा पिळलेलं असतं. त्याच्या मापाने बनवलेलं नवं झाकणही तसंच चुकीचं बसणार.

माप काठाच्या बाहेरून घ्या. लांबी-रुंदी प्रत्येकी दोन ठिकाणी मोजा. मग दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले तर चौकोन काटकोनात आहे. बहुतेक जुन्या होड्यांत ते सारखे येत नाहीत. अशा वेळी जाड पुठ्ठा काठावर ठेवून आकार आखा, कापा आणि तोच सुताराला द्या. पुठ्ठ्यावर नाळेकडची बाजू कोणती ते लिहून ठेवा, नाहीतर झाकण उलटं बनून येईल.

झाकणाची कड काठाच्या बाहेरून खाली उतरलेली हवी, डब्याच्या झाकणासारखी. नुसती वर ठेवलेली सपाट फळी लाट अडवत नाही. खाली उतरणारी ही कड आणि काठ यांच्यात प्रत्येक बाजूला ३ ते ४ मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. लाकूड ओलाव्याने फुगतं. कोरड्या दिवसांत फूटभर रुंद असलेली सागाची फळी पावसात २ ते ४ मिलिमीटर वाढू शकते. जागाच ठेवली नाही तर ऐन गरजेच्या वेळी झाकण अडकून बसेल.

लाकूड कोणतं?

पहिली पसंती साग, पण सागाचा गाभा. त्याचं नैसर्गिक तेल पाण्याला आणि बुरशीला दाद देत नाही. फळीच्या कडेला जो फिकट पांढुरका भाग असतो त्यात ही ताकद नसते, तो सागाचा असला तरी कुजतो. विकत घेताना पांढरा पट्टा असलेली फळी बाजूला काढा.

सागाच्या टिकाऊपणाची गोष्ट मुंबईतच घडली आहे. 'सुहेली' ही ३२ फुटी शिडाची नौका १९६०च्या दशकात मुंबईत सागाची बांधली गेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये तिच्यातून एकट्याने, कुठल्याही बंदरात न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले. ३१२ दिवस ती नौका समुद्रात होती.

नवा साग महाग पडतो. त्यावर गावातला उपाय म्हणजे जुन्या घराचं दार किंवा फळ्या. वर्षानुवर्षं वाळलेलं ते लाकूड आता फारसं आकसत नाही, पिळत नाही. फक्त वाळवी बघून घ्या आणि रंधा मारण्याआधी सगळे खिळे काढा. स्वतःच्या आवारातला साग तोडायचा विचार असेल तर आधी वन विभागाची परवानगी लागते, हे विसरू नका. आणि ताजं तोडलेलं लाकूड लगेच वापरूही नका.

फणसाचा पिवळा गाभाही चांगला टिकतो. आंब्याची फळी स्वस्त असते, पण डेकवर उन्हापावसात ती लवकर जाते.

दुसरा पर्याय प्लायवूडचा. दुकानात 'वॉटरप्रूफ' म्हणून जे मिळतं ते सगळं होडीसाठी नसतं. मरीन प्लायचं भारतीय मानक आयएस ७१० आहे. हा आकडा आणि आयएसआयचा शिक्का फळीवर छापलेला आहे का, ते स्वतः बघा. शंका असेल तर छोटा तुकडा मागून घ्या आणि घरी काही तास पाण्यात उकळवा. थर सुटले तर ती प्लाय घेऊ नका. दोन फुटी झाकणाला १८ मिलिमीटर जाडी धरा. १२ मिलिमीटरची प्लाय माणूस वर उभा राहिला की वाकते, आणि होडीत झाकणावर पाय पडतोच.

बनवताना सुताराला सांगायच्या गोष्टी

- फळ्यांचं झाकण असेल तर एका फळीच्या कडेला खाच आणि दुसरीला तिच्यात बसणारी जीभ करा. नुसत्या शेजारी ठेवलेल्या फळ्यांत उन्हाळ्यात फट पडतेच.
- खालून किमान दोन आडव्या पट्ट्या हव्यात. पट्टीतली स्क्रूची भोकं किंचित लांबट ठेवा, म्हणजे फळी फुगताना-आकसताना चिरत नाही.
- वरची बाजू सपाट नको. मधोमध थोडी उंच, कडेला उतरती ठेवा. पाणी साचलं नाही तर अर्धं कुजणं तिथेच थांबतं.
- कडेच्या खालच्या अंगाला बारीक खाच मारा. कौलाच्या टोकाला पागोळी जशी सुटते तसं पाणी त्या खाचेपाशी सुटून खाली पडतं, आत वळत नाही.
- लोखंडी खिळे अजिबात नकोत. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या, तेही ३१६ प्रतीचे. बाजारात सर्रास मिळणारं ३०४ खाऱ्या हवेत डागाळतं. पितळी स्क्रू दिसतात छान, पण खारं पाणी पितळेतलं जस्त खातं. स्क्रू लालसर होऊन ठिसूळ बनतो आणि एक दिवस पिळताना तुटतो.
- स्क्रूआधी गिरमिटाने भोक पाडा. भोकात रंग किंवा इपॉक्सीचा थेंब सोडा आणि मगच स्क्रू पिळा.

बिजागरी कोणत्या बाजूला?

ही बारीक गोष्ट जीव वाचवू शकते. बिजागरीचं झाकण असेल तर बिजागरी नाळेकडच्या बाजूला लावा. म्हणजे समोरून आलेली लाट झाकणाला दाबून बंद करेल. उलट बाजूला लावली तर तीच लाट झाकणाखाली घुसून ते उघडेल.

उचलून ठेवायचं झाकण असेल तर ते दोरीने काठाला बांधलेलं हवं. होडी कलली की सुटं झाकण सर्वात आधी पाण्यात जातं. एकदा ते गेलं की खणाला दुसरं झाकण नसतं.

खणात माणूस उतरू शकत असेल, तर कडी आतून आणि बाहेरून दोन्हीकडून उघडता-लावता आली पाहिजे. हा धडा जगाने फार महागात शिकलाय. १९७९ मध्ये आयर्लंडजवळच्या समुद्रात फास्टनेट नावाच्या शिडाच्या नौकांच्या शर्यतीला वादळाने गाठलं. ३०३ नौका निघाल्या होत्या, १५ स्पर्धकांचा मृत्यू झाला. नंतरच्या चौकशीत एक गोष्ट पुढे आली. काही नौका उलटल्यावर केबिनच्या दाराच्या फळ्या खाचेतून निसटून पडल्या आणि त्या उघड्या तोंडातून पाणी आत गेलं. फळ्या मजबूत होत्या, पण बांधलेल्या नव्हत्या. त्यानंतर या फळ्या जागेवर पक्क्या करता आल्या पाहिजेत, यावर नियमांत भर दिला गेला.

रबर आणि रंग

झाकण आणि काठ यांच्यात रबराची पट्टी हवी. गाड्यांच्या दारांना लावतात तसलं ईपीडीएम रबर उन्हात टिकतं. साधा स्पंज किंवा चपलेचं रबर एका हंगामात कडक होतं. झाकण बंद केल्यावर रबर त्याच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश दबलं पाहिजे. जास्त दाबलं तर ते कायमचं चपटं होतं, कमी दाबलं तर गळतं. पट्टीचा जोड कोपऱ्यात नको, सरळ बाजूच्या मध्यावर द्या. आणि रबराला रंग लावू नका. रंग वाळला की रबर कडक होऊन तडकतं.

लाकडावर काय लावायचं, हे तुम्ही किती देखभाल करणार यावर ठरवा. तेल लावणं सोपं, पण दर हंगामात लावावं लागतं. कोकणात होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावण्याची जुनी पद्धत आहे. ते बुरशी-किडीला चांगलं रोखतं, मात्र कातडीला भाजतं, फोड येतात. हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका. आणि ते पूर्ण वाळेपर्यंत झाकण मुलांपासून लांब ठेवा.

इपॉक्सी लावायचं असेल तर वर, खाली, कडा, भोकं, सगळीकडे लावा. एकच बाजू लावली तर दुसरीकडून पाणी शिरतं आणि झाकण पिळतं. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, त्यामुळे वरून रंगाचे दोन हात हवेतच. प्लायच्या कडांना आणि फळ्यांच्या टोकांना, जे काही लावाल ते तीन वेळा लावा. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं.

हे सगळं कोरड्या लाकडावर. जुलैच्या झडीत रंग लावला तर ओलावा आत कोंडून आपणच बुरशीची सोय करतो. म्हणून सुतारकाम पडवीत पावसात उरका आणि रंगाचं काम चार दिवस सलग उघडीप मिळाली की करा. मे महिन्यातच माप घेऊन झाकण बनवून ठेवता आलं तर उत्तम.

फायबरचं झाकण बरं नाही का?

बरं असतं, पण ते पूर्ण फायबरचं आहे का ते विचारा. बरेचदा आत साधी प्लाय आणि वरून फायबरचा थर असतो. बिजागरीच्या स्क्रूने त्या थराला भोक पडलं आणि ते नीट बुजवलं नाही, की पाणी आत जातं. बाहेर पडायला वाट नसते. लाकडाचं कुजणं निदान दाभणाला कळतं, फायबरच्या आतलं कळत नाही. असं झाकण ठोकल्यावर पोकळ वाजलं किंवा पायाखाली लवलं तर समजून जा.

पाण्यात घालण्याआधी शेवटची चाचणी

नवं झाकण बसलं की पुन्हा खडूची चाचणी करा. मग खणात कोरडं वर्तमानपत्र पसरा, झाकण लावून कडी घाला आणि पाइपने चारही बाजूंनी पाच मिनिटं जोरात पाणी मारा. पाइप नसेल तर बादलीने उंचावरून ओता. उघडून बघा. कागद कुठे भिजलाय ते पाहिलं की गळती नेमकी कुठे आहे ते कळतं. शेवटी झाकणावर उभे राहा. लवता कामा नये.

पुढे हंगामात चार सवयी पाळा. बंदरातून बाहेर पडण्याआधी झाकण बंद आणि कडी लावलेली. जाळं ओढताना घाईत उघडं टाकलेलं झाकण कितीही भक्कम असलं तरी उपयोगाचं नाही. परत आल्यावर रबरात अडकलेले खवले आणि वाळू पुसून काढा. महिन्यातून एकदा कडी-बिजागरीला ग्रीस लावा. आणि पावसाळ्यात होडी शाकारताना झाकणाखाली बोटभर जाडीचा लाकडी तुकडा सरकवून ठेवा. वरच्या झापामुळे पाऊस आत येत नाही, खालून हवा खेळती राहते आणि पुढच्या वर्षी दाभण टोचाल तेव्हा लाकूड टणक लागेल.